शाळकरी मुलांची दृष्टी आणि संगणक



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला दिले, तेव्हा कामगार चळवळीतला मनुष्य किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेल अशी त्यांची समजूत असावी. माझा विषय ऐकून त्यांना थोडे नवल वाटले. शाळेतील मुलांची नजर संगणकाच्या साहाय्याने कशी तपासतात आणि त्या तपासणीचे पुढे काय होते, हे मला आज सांगावयाचे आहे. मी डॉक्टर नाही आणि संगणकाचा जाणकारही नाही. शाळा माझी लवकर सुटली; पुढचे जे काही वाचन झाले ते संघाच्या कचेरीत, सभा संपून मंडळी घरी गेल्यावर. तेव्हा शास्त्रातील जो भाग येईल तो एका वाचकाने दुसऱ्या वाचकास सांगावा तसा सांगेन.

परंतु विषयाशी माझा संबंध नाही असे मात्र नव्हे. यंत्रमागाच्या एका कारखान्यातील तरुण कामगाराचे प्रकरण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. त्याच्या मागावरील कापडात वरचेवर दोष राहत आणि प्रत्येक वेळी त्याच्या मजुरीतून कपात होई. मालकाचे म्हणणे, पोरगा कामचुकार आहे; धागा तुटला तरी त्याचे लक्ष नसते. कपात बेकायदा कशी हा वाद आम्ही घातला आणि तो चालवलाही. पण त्याच्या शेजारच्या मागावरचा एक वयस्क विणकर मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, हा तुटलेला धागा नाकाजवळ नेऊन बघतो.” डोळे तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांना उणे चारचा नंबर निघाला. उणे चार म्हणजे वीतभर अंतरापलीकडचे सारे धूसर. हा मुलगा सात इयत्ता शिकला होता, बहुतेक काळ मागच्या बाकावर बसून. सात वर्षांत त्याला फळा कधी दिसला नसावा आणि ही गोष्ट ना घरी कोणास कळली, ना शाळेत. तो स्वतः म्हणाला, “मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं.”

या एका वाक्यात आजच्या विषयाचे मूळ आहे. दात दुखला तर मूल रडते, ताप आला तर अंग गरम लागते. नजर कमी असली तर काहीच दुखत नाही. ज्याला जन्मापासून किंवा हळूहळू अंधुक दिसू लागले, त्याच्यापाशी तुलनेला दुसरा डोळा नसतो. मूल तक्रार करीत नाही, ते फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, चुका होतात, मार बसतो आणि वर्गात ते ‘ढ’ ठरते. म्हणून नजरेच्या बाबतीत मुलाच्या तक्रारीची वाट न पाहता आपणच जाऊन विचारावे लागते. शाळेतील दृष्टितपासणीचा सारा हेतू एवढाच आहे.

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी तो १८६२ साली प्रसिद्ध केला. त्यामागचा हिशोब असा आहे. वर्तुळाचे ३६० अंश आणि एका अंशाच्या ६० कला, हे आपल्याकडील पंचांगवाल्यांनाही ठाऊक असते. निरोगी डोळ्याला दोन रेघांमधली फट वेगळी ओळखू येण्यास ती डोळ्याशी साधारण एका कलेचा कोन करणारी असावी लागते. स्नेलेनने अक्षरे अशी आखली की प्रत्येक रेघ एका कलेची आणि सबंध अक्षर पाच कलांचे. सहा मीटरांवरून पाहावयाचे तर असे अक्षर पावणेनऊ मिलिमीटर उंचीचे भरते. ते ज्याला वाचता आले त्याची दृष्टी ६/६. निरोगी मनुष्य जे अक्षर साठ मीटरांवरून वाचतो ते ज्याला सहा मीटरांवर यावे लागते, त्याची ६/६०. वरचा आकडा आपण उभे राहिलो त्या अंतराचा, खालचा आकडा निरोगी डोळ्याच्या अंतराचा. यात गूढ काही नाही. पुढे १९७६ साली ऑस्ट्रेलियातील बेली आणि लव्ही यांनी तक्त्याची आखणी सुधारली, प्रत्येक ओळीत सारखीच अक्षरे ठेवली आणि ओळींमधला उतार सारख्या प्रमाणात केला. पण मूळ कल्पना दीडशेहून अधिक वर्षे तीच राहिली आहे. संगणकानेही ती बदललेली नाही.

मग संगणकाची गरज कोठे पडली? तक्त्यात दोष नाही. तक्ता ज्या परिस्थितीत वापरला जातो तिच्यात आहे. शाळेच्या व्हरांड्यात चाळीस-पन्नास मुलांची रांग लागते. पहिला मुलगा अक्षरे मोठ्याने वाचतो, ती पुढच्या दहा जणांना पाठ होतात. बारावा मुलगा डोळा झाकावयाचा म्हणून हात ठेवतो आणि बोटांच्या फटीतून पाहतो. कोणी डोळे बारीक करतो. तसे केल्याने अंधुक अक्षरही किंचित स्पष्ट होते. अंतर मोजण्यास दोरी नसते, उजेड ढगांवर अवलंबून असतो. आणि गुरुजी! मुलगा अडखळला की चांगले गुरुजी त्याला “अरे नीट बघ, काय आहे ते?” असे म्हणून सावरून घेतात. परीक्षा असेल तर ही माया शोभते. येथे ती मुलाच्या मुळावर येते. शेवटी एका कागदावर ‘ठीक’ किंवा ‘डॉक्टरांना दाखवणे’ असे लिहिले जाते आणि तो कागद कपाटात जातो.

संगणकाच्या चाचणीत पडद्यावर एका वेळी एकच चिन्ह येते. बहुधा ते इंग्रजी ‘ई’ असते, म्हणजे तीन दातांच्या फणीसारखी आकृती. तिचे दात कधी उजवीकडे, कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे असतात. मुलाने फक्त हाताने दिशा दाखवावयाची. अक्षरओळख नको, इंग्रजी नको, मराठीही नको. पहिलीतले मूलही ती देऊ शकते. दिशा यदृच्छेने बदलत असल्यामुळे पाठ करता येत नाही. बरोबर दाखवले तर चिन्ह लहान होते, चुकले तर मोठे होते, आणि असे वरखाली करीत यंत्र त्या डोळ्याच्या मर्यादेपाशी येऊन थांबते. या चाचणीतील मला सर्वांत आवडलेली युक्ती वेगळीच आहे. मोबाईल फोनवर चालणाऱ्या काही चाचण्यांत शिक्षक पडदा मुलाकडे धरतो, त्यावर काय आहे ते स्वतः पाहत नाही. मूल जिकडे हात करील तिकडे शिक्षकाने पडद्यावरून बोट सरकवावयाचे एवढेच त्याचे काम. उत्तर बरोबर की चूक हे शिक्षकाला माहीतच नसल्यामुळे सावरून घेण्याची सोय राहत नाही.

परंतु यंत्रालाही स्वतःच्या अटी असतात. चिन्ह किती मिलिमीटरांचे उमटते हे पडद्याच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून चाचणीच्या आज्ञावलीला तो आकार बिनचूक माहीत असावा लागतो. अंतराची अट त्याहून कडक आहे. फोनवरची चाचणी दोन मीटरांवरून घेतली तर निरोगी डोळ्याच्या हिशोबाचे चिन्ह जेमतेम तीन मिलिमीटरांचे होते. सहा मीटरांवर उभा असलेला मुलगा अर्धा मीटर पुढे सरकला तर चिन्ह त्याला अकराव्या हिश्शाने मोठे भासते. दोन मीटरांवरचा तेवढाच सरकला तर एक तृतीयांशाने. म्हणजे जवळच्या अंतरावरची चाचणी सोयीची खरी, पण तेथे चुकीची किंमतही मोठी. फोन कितीही महागाचा असो, फरशीवर खडूने रेघ मारून मुलाच्या टाचा तेथे टेकवाव्या लागतातच. पडद्यावर खिडकीचा उजेड चमकू द्यावयाचा नाही, ही दुसरी अट.

दुसऱ्या जातीची यंत्रे कॅमेऱ्यासारखी असतात. मुलाने काही वाचावयाचे नसते, केवळ यंत्राकडे पाहावयाचे. यंत्र डोळ्यांत अवरक्त किरण सोडते. ते डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत येतात आणि बाहुलीत उजेडाची एक कोर दिसते. कोर कोठे आणि केवढी यावरून डोळ्याला चष्म्याची गरज असावी की नाही याचा अंदाज बांधतात. बोलता न येणाऱ्या लहान मुलांसाठी ही यंत्रे मोलाची आहेत, कारण ‘आळशी डोळा’ म्हणून जो विकार आहे तो वेळेवर सापडावा लागतो. दोन डोळ्यांपैकी एकाचे चित्र अंधुक असले की मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. सातआठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले, चष्मा देऊन चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी बांधली, तर तो डोळा बहुधा पुन्हा कामाला लागतो. पुढे ते अवघड होत जाते. इंग्लंडमध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांची शाळेत प्रवेश होताच तपासणी करतात ती मुख्यतः याच कारणासाठी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या यंत्रांपैकी कोणतेही चष्म्याचा नंबर ठरवीत नाही, ठरवू नये. मुलाच्या डोळ्यातील स्नायू इतके चपळ असतात की जवळचे-दूरचे सांभाळून घेत ते नंबर लपवितात; खरा नंबर काढण्यास पुष्कळदा औषधाचे थेंब घालून तो स्नायू सैल करावा लागतो, आणि ते डॉक्टरांचे काम. शिवाय दूरचे चिन्ह नीट ओळखणाऱ्या मुलाला जवळचे वाचताना त्रास असू शकतो; दूरच्या चाचणीत तो निसटतो. यंत्र धान्य चाळते, निवडत नाही. निवडणे पुढे आहे.

चाळणी म्हटली की तिच्यातून खडेही येतात आणि दाणेही निसटतात. एक काल्पनिक हिशोब मांडून पाहू. समजा शाळेत एक हजार मुले आहेत आणि त्यांपैकी साठांची नजर खरोखर कमी आहे. चाचणी दहांपैकी नऊ दोषी डोळे पकडते असे धरले, तर ५४ मुले सापडतील आणि सहा सुटतील. उरलेल्या ९४० निरोगी मुलांपैकी शंभरात पाचांना तिने चुकून दोषी म्हटले, तर ती होतात ४७. म्हणजे डॉक्टरांकडे धाडलेल्या १०१ मुलांपैकी जवळजवळ निम्मी विनाकारण जातील. चाचणी वाईट नाही, तरीही हे होते. दोष थोड्यांत आणि निरोगी पुष्कळ, या प्रमाणामुळेच होते. डॉक्टर म्हणतील, विनाकारण आला तर बिघडले काय? त्याच्या आईचा रोज बुडाला. तालुक्याच्या गावी जाणे, केसपेपर काढणे, डॉक्टर दुपारनंतर येतील म्हणून बसणे आणि “याला काही झालेले नाही” हे ऐकून परतणे. पुढच्या वेळी शाळेतून चिठ्ठी आली की ही बाई खाडा करणार नाही, आणि तिचे शहाणपण शेजारणींनाही कळेल. म्हणून पहिल्या चाचणीत जो अडखळला त्याची त्याच शाळेत, दुसऱ्या दिवशी, अधिक जाणत्या माणसाने पुन्हा चाचणी घ्यावी असे माझे मत आहे. खर्च थोडा, वाचणारे रोज पुष्कळ.

आता प्रत्यक्षात घडलेल्या एका प्रयोगाकडे वळतो. पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाच्या पश्चिमेस ट्रान्स न्झोया नावाचा मका पिकवणारा जिल्हा आहे. किताले हे त्याचे मुख्य गाव. अँड्र्यू बॅस्टॉरस या नेत्रतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फोनवर चालणारी दृष्टिचाचणी तयार केली होती, तिचे नाव ‘पीक’. केनियातच नाकुरू भागात प्रौढ माणसांवर तिची भिंतीवरच्या तक्त्याशी तुलना करून निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मोजणी विश्वासार्ह निघाली. गंमत अशी की वेळ फारसा वाचला नाही. एका चाचणीस सव्वा मिनिटाच्या आसपास, आणि तक्त्यालाही जवळपास तेवढाच. यंत्र आले की काम झपाट्याने होते ही आपली समजूत. येथे यंत्राचा फायदा झपाट्यात नव्हताच.

तो कशात होता हे पुढच्या प्रयोगात दिसले. कितालेचे नेत्रतज्ज्ञ डॉ. हिलरी रोनो यांनी सहकाऱ्यांसह ट्रान्स न्झोयातील ५० शाळा घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. दोन्ही गट मिळून वीस हजारांहून अधिक मुले. दोन्हीकडे तपासणी शिक्षकांनीच केली. एका गटात छापील पुठ्ठ्यावरचे चिन्ह आणि नेहमीची लेखी चिठ्ठी. दुसऱ्या गटात फोनवरची चाचणी. पण दुसऱ्या गटात आणखी तीन गोष्टी होत्या. ज्या मुलाची नजर कमी निघाली त्याला दिसते तसे अंधुक चित्र पालकांना दाखविले, म्हणजे आपल्या लेकराला जग कसे दिसते हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पालकांच्या फोनवर रुग्णालयात जाण्याची आठवण करून देणारे संदेश गेले. आणि कोणती मुले जावयाची राहिली आहेत याची यादी शाळेकडे गेली.

२०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या मासिकात निष्कर्ष आले. लेखी चिठ्ठीच्या गटात धाडलेल्या शंभर मुलांपैकी २२ रुग्णालयात पोचली होती. फोनच्या गटात ५४.

हे दोन आकडे मी बराच काळ डोक्यात घोळवीत आहे. २२ चे ५४ झाले ही मोठी गोष्ट. पण त्याबरोबर हेही ध्यानात घ्यावे की इतके सारे करूनही शंभरातील ४६ मुले पोचलीच नाहीत. आणि वाढ झाली ती कशाने? चित्राने, संदेशाने, यादीने, की तिन्हींनी मिळून, हे या प्रयोगावरून वेगळे काढता येत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे: दृष्टी मोजण्याचे काम दोन्ही गटांत होत होते. फरक पडला तो मोजल्यानंतरच्या पाठपुराव्याने. आम्हा संघवाल्यांना हे शिकवावे लागत नाही. तक्रार नोंदवहीत चढली म्हणजे तिचे निवारण झाले असे मानणारा कार्यकर्ता दोन महिन्यांत सभासद गमावतो.

हा अनुभव नवाही नाही. बोअर युद्धाच्या वेळी, १८९९ ते १९०२ या काळात, इंग्लंडमधील गरीब वस्त्यांतून सैन्यात भरतीला आलेले पुष्कळ तरुण शारीरिक तपासणीत नापास झाले आणि राज्यकर्ते हादरले. त्यातून पुढे १९०७ सालचा कायदा आला आणि शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी करणे स्थानिक मंडळांवर बंधनकारक झाले. कायद्याची खुबी पाहा: तपासणी सक्तीची, उपचार ऐच्छिक. डॉक्टर दोष नोंदवीत राहिले. मुले तेच दोष घेऊन वरच्या वर्गात जात राहिली. मार्गारेट मॅकमिलन या समाजवादी बाईंनी याविरुद्ध आवाज उठवला. स्वतंत्र मजूर पक्षाच्या त्या कार्यकर्त्या. ब्रॅडफर्डच्या शिक्षणमंडळावर १८९४ साली निवडून आल्या होत्या. कायदा झाल्यावर त्यांनी बहीण रेचल हिच्यासह लंडनमध्ये शाळकरी मुलांसाठी दवाखाने उघडले, १९१० साली डेटफर्ड या कष्टकरी वस्तीतला त्यांपैकी विशेष गाजला. तपासणाऱ्याच्या टेबलाशेजारी उपचाराचे टेबल हवे, एवढीच त्यांची मागणी होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली विल्सन आणि युंगनर यांचा रोगचाळणीच्या तत्त्वांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही हीच अट आहे: सापडलेल्याच्या निदानाची आणि उपचाराची सोय नसेल तर शोधू नये.

आता आपल्या घरी येऊ. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि शाळेत शिक्षकांकरवी नजर तपासणे हा त्याचा भाग आहे. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याचा आरंभ आपल्या पालघरातच झाला. त्याची फिरती पथके शाळांत येऊन मुलांची सर्वांगीण तपासणी करतात. म्हणजे व्यवस्था कागदावर नाही असे कोणी म्हणू नये. मुलाच्या नाकावर चष्मा चढेपर्यंत ती पोचते का, हा प्रश्न आहे.

पुणे जिल्ह्यातील ग्रामीण माध्यमिक शाळांत नेत्रतज्ज्ञांनी याचाच माग काढला. २००९ साली चष्मे दिलेल्या मुलांपैकी १०१८ जणांना सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने पुन्हा गाठले. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. चष्मा लावून बसलेली मुले शंभरात तीसही नव्हती. चष्मे दिले गेले होते, हे ध्यानात ठेवा. कोणाचा फुटला होता, कोणाचा हरवला होता, पुष्कळांचा घरी ठेवलेला होता. आणि न वापरणाऱ्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाने सांगितले की मुले चिडवतात. ‘ढापण्या’, ‘चष्मिस’ हे शब्द आपणही शाळेत ऐकले असतील, कदाचित वापरलेही असतील. तेराव्या वर्षी त्या शब्दांचे वजन नंबरापेक्षा अधिक असते. मुलीच्या बाबतीत घरचेच म्हणतात, आतापासून चष्मा लागला हे चारचौघांत कशाला? शिवाय चष्मा लावला की नंबर वाढतो, ही समजूत. ती केवळ आपली नव्हे. चीनमधील खेड्यांतही तीच आढळते. तेथे गान्सू आणि शान्शी प्रांतांतील २५२ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २०१४ चा. ज्या मुलांना फुकट चष्मे मिळाले त्यांचे गणिताचे गुण वर्षअखेर इतरांहून सरस आले, आणि तेही त्यांच्यातील निम्म्याहून कमी मुले चष्मा लावीत असताना. चष्मा लावून नजर बिघडत नाही हे पालकसभेत डॉक्टरांनी सांगावे, पण हे गुणपत्रकही शेजारी ठेवावे. पालक त्याला अधिक मान देतील.

पुण्याच्या पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. ज्यांचा नंबर मोठा त्यांनी चष्मा अधिक वापरला, ज्यांचा किरकोळ त्यांनी तो टाकून दिला. ही मुलांची बेशिस्त नव्हे; ज्याने फरक पडतो ते मनुष्य सांभाळतो. म्हणून पाव-अर्ध्या नंबराचे चष्मे खिरापतीसारखे वाटून ‘इतके लाभार्थी’ असा फलक लावणे मला पटत नाही. आणि जो तपासतो त्यानेच चष्मा विकू नये, हे तर कोणत्याही बाजारात लागू पडते. संगणकाने या बाबतीत एक नवी भर घातली आहे: मुलांची नावे, पालकांचे फोन क्रमांक आणि डोळ्यांची अवस्था यांची तयार यादी. ती यादी शाळेबाहेर कोणाच्या हाती जाते हे पालकांनी विचारलेच पाहिजे.

ही यादी योग्य हाती राहिली तर मात्र तिचा एक उपयोग मला दिसतो. मराठवाड्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. कित्येक मुलेही आईबापांबरोबर फडावर जातात. गावच्या शाळेत सप्टेंबरात तपासलेल्या मुलाचा चष्मा नोव्हेंबरात आला तर तो घेणारा तिकडे साखर कारखान्याच्या आवारात पालात असतो. कपाटातला कागद त्याच्यामागे जाऊ शकत नाही. संगणकातील नोंद जाऊ शकते, तेथील शाळेला किंवा आरोग्य पथकाला ती पाहण्याची सोय केली तर. पण पालकांचा फोन बापाच्या खिशात असतो, रिचार्ज संपलेला असतो, नंबर बदललेला असतो. केनियातील संदेशाची युक्ती येथे जशीच्या तशी चालेल असे मला वाटत नाही. टोळीच्या मुकादमाचा क्रमांक नोंदीत घेतला तर कदाचित चालेल.

नोकरदार श्रोत्यांना हे लांबचे वाटत असेल, तर आपल्या गल्लीतील शाळेत जाऊन पाहावे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. या समितीत तीन आकडे मागता येतात: किती मुले पुढे धाडली, किती डॉक्टरांपर्यंत पोचली, आणि आज वर्गात किती जणांच्या नाकावर चष्मा आहे. पहिला आकडा शाळा तत्काळ देईल. दुसरा शोधावा लागेल. तिसऱ्यासाठी पूर्वसूचना न देता एखाद्या मंगळवारी वर्गात जाऊन मोजावे लागेल, आणि तो चष्मे वाटल्यानंतर निदान दोनदा, तीन आणि सहा महिन्यांनी, मोजावा. चष्मा फुटला तर दुसरा कोण देणार हे तपासणीच्या आधीच ठरवून घ्यावे. सुटलेला स्क्रू बसविण्याइतके पेचकस शाळेत असावे.

जूनमध्ये शाळा उघडतील. तपासणी पहिल्याच महिन्यात झाली, दुसरी चाचणी आणि डॉक्टर शाळेतच आले, तर चष्मे स्वातंत्र्यदिनापर्यंत मिळू शकतात आणि टोळ्या निघण्यापूर्वी दोन महिने मुलांना ते वापरून पाहता येतात. फुटलेले, न बसणारे, टोचणारे चष्मे त्या दोन महिन्यांत बदलून घेता येतील.